सबबींची वही

शाळेत किस्से साठवायला वेगळं कपाट लागत नाही. मधल्या सुट्टीत चहा येतो, कोणीतरी "आज काय झालं माहितीये का" म्हणतं, आणि बेल होईपर्यंत दोन किस्से तयार असतात. माझी सत्तावीस वर्षं झाली आता. मी गायकवाड, बिबवेवाडीतल्या एका मराठी शाळेत पीटी शिकवतो. शिकवतो म्हणजे शिट्टी वाजवतो, असं लेले बाई म्हणतात. लेले बाई आमच्याकडे मराठी शिकवतात. त्यांच्या तोंडून सहसा कोणाबद्दल बरं निघत नाही, त्यामुळे मी मनाला लावून घेत नाही.

आमचे किस्से मात्र हवेत गेले नाहीत, कारण आम्ही ते लिहून ठेवले. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती. वर लेले बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, 'सबबींची वही'. पीटीचा तास चुकवायला मुलं जी कारणं सांगतात ती मी त्यात टिपायची. तारीख, नाव, इयत्ता आणि सबब. नियम एकच, आणि तो बाईंनी घातलेला. "मुलाचा शब्द बदलायचा नाही, सर. तुम्ही सुधारून लिहिलंत की त्यातली मजाच जाते."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये भेळ यायची आणि मी ती वही आवाज काढून वाचायचो. रडका आवाज, नाकातला आवाज, धापा टाकणारा आवाज. लोक पोट धरून हसायचे. एरवी केबिनमधून न हलणारे मुख्याध्यापकही त्या दिवशी खुर्ची घेऊन बाहेर यायचे.

त्या वहीतलेच काही सांगतो. हसू आलं तर हसा, मला आता येत नाही. प्रज्ञा नावाच्या एका मुलीचं नाव त्या वहीत एकोणीस वेळा आहे. ती पोरगी वर्षानुवर्षं मला एकच गोष्ट सांगत होती. ती मला वेळेत कळली की नाही, एवढंच या सगळ्यात महत्त्वाचं. बाकी भेळ.

*

आधी ओंकार. सहावी ब. मैदानाला चार फेऱ्या सांगितल्या की हा दोन मारायचा आणि झेंड्याच्या खांबाला धरून उभा राहायचा. एकदा त्याला धरलाच.

"का रे थांबलास?"

"सर, थांबलो की खोकला येतो."

"पळताना येतो?"

"पळताना नाही येत सर. पळून झालं की येतो."

"मग थांबतोस कशाला? पळत राहा."

अख्खा वर्ग हसला. ओंकारसुद्धा हसला, मग खोकला, मग पुन्हा पळायला लागला. वहीत मी त्याचं वाक्य लिहिलं आणि खाली माझं उत्तरही लिहिलं, कारण मला ते फार आवडलं होतं. त्या वर्षी भेळीला वन्स मोअर मिळाला.

*

सगळी अक्कल पीटीच्याच खात्यात होती असं समजू नका. लेले बाईंच्या सातवीत सानिका म्हणून मुलगी होती. बाई शिकवताना नकला छान करतात, वर्ग खिदळतो. सानिका हसली की तिला खोकल्याची उबळ यायची. हसू थांबलं तरी उबळ थांबायची नाही, डोळ्यांतून पाणी यायचं.

दोन-तीनदा झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "सानिका, तुला विनोद पचत नाहीत का गं? पाणी पी जा."

पोरगी बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. पुढच्या वेळी रुमाल तोंडात धरून बसली. एक दिवस बाईंच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, मला हसवू नका ना, खोकला येतो." ही सबब पीटीची नव्हती, पण इतकी बेस्ट होती की बाईंनी ती वहीत स्वतःच्या हाताने लिहिली, पाहुणी म्हणून.

मग सानिकाने हसणंच बंद केलं. वार्षिक प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा मारला, 'स्वभाव गंभीर. वर्गात मिसळावे.' पालकसभेला तिची आई काळजीत. "बाई, हल्ली घरीसुद्धा हसत नाही हो. शाळेत काही झालंय का?"

बाई म्हणाल्या, "शाळेत तरी कुठं हसते?"

*

इरफान पाचवीत आला तेव्हा अंगाने किरकोळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "सर, आज नको, छाती जड आहे."

मी काही राक्षस नाही. ज्यांना पळवत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे हलकं काम असायचं, मैदानावर फक्की टाकायचं. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. डब्यातून ती थोडी थोडी सोडत मैदानाच्या रेषा आखायच्या, वाकून, वारा तोंडावर घेत. खो-खोचं मैदान आखून होईपर्यंत पोरगं पिठाच्या डब्यात पडल्यासारखं पांढरं व्हायचं. इरफानला मी मुद्दाम सावलीकडची बाजू द्यायचो, एवढी माया.

दुसऱ्या दिवशी त्याची दांडी. तिसऱ्या दिवशी आला की पुन्हा छाती जड, की पुन्हा फक्की. असं महिनाभर चाललं. शेवटी एक दिवस तो डबा खाली ठेवून म्हणाला, "सर, फक्कीपेक्षा पळतो."

वहीत ते तसंच्या तसं आहे. शेजारी माझा शेरा आहे, 'यांना हलकं कामही जड जातं.' त्याला टाळ्या पडल्या होत्या.

*

शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. एक डॉक्टर, एक तास, दोन वर्ग. एका वर्षी मी मुद्दाम वहीतली गिऱ्हाइकं वेगळी काढून रांगेत पुढे उभी केली. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचा निकाल. डॉक्टर वयस्कर होते. छातीला नळी लावायचे, "श्वास घे, सोड, पुढचा" म्हणायचे. प्रत्येकाच्या कागदावर एकच लिहिलं, छाती क्लिअर.

मी वहीच्या मधल्या पानावर लाल पेनने लिहिलं, 'तपासणी झाली. सगळे ठणठणीत. नाटक सिद्ध.' खाली दोन रेघा मारल्या.

तपासणी आहे म्हणून त्या दिवशी मी सकाळपासून कोणालाच पळवलं नव्हतं. मुलं अर्धा तास व्हरांड्यात मांडी घालून बसली होती. त्या एका दिवशी मी दया दाखवली.

*

आता वेदान्तचा किस्सा. हा नववीत. त्या आठवड्यात आम्हा शिक्षकांना व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, लेक्चर झालं होतं. ते पेनासारखं दिसतं, पेनड्राइव्हसारखं दिसतं, कशासारखंही दिसतं, मुलं कुठंही लपवतात, असं. माझी नजर एवढी तयार झाली की दोन दिवस मी पोरांचे हायलायटर हुंगत फिरत होतो. तिसऱ्या दिवशी वेदान्तच्या मोज्यात फुगवटा दिसला. काढायला लावलं तर निळी प्लास्टिकची वस्तू, एका टोकाला तोंडात धरायची जागा.

"हे ओढतोस?"

त्याने जरा विचार केला आणि मान हलवली. हो.

वस्तू जप्त. माझ्या कपाटात गेली, फुटके बॉल आणि भोवऱ्यांच्या शेजारी. मुख्याध्यापकांनी तीन दिवस घरी बसायची शिक्षा सांगितली आणि वडिलांना बोलावलं. ते दुसऱ्या दिवशी कंपनीच्या युनिफॉर्मवर, पहिली शिफ्ट अर्धी टाकून आले. मी ती वस्तू टेबलावर पुराव्यासारखी ठेवली. वडिलांनी ती बघितली आणि न विचारता खुर्चीत बसले.

"सर, हा दम्याचा पंप आहे. आम्हीच त्याला सांगितलं होतं, शाळेत कोणाला दाखवू नकोस म्हणून."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. मी वेदान्तकडे. "अरे, मग बोलला का नाहीस? खुशाल व्हेपचा आळ घेतलास अंगावर?"

"सर, व्हेप म्हटलं तर तीन दिवस घरी बसवाल," तो म्हणाला. "दमा म्हटलं तर दहावीपर्यंत दमेकरी म्हणतील."

कोण म्हणतील, हे मी विचारलं नाही. शाळेत मुलांना टोपणनावं कोण ठेवतं ते सगळ्यांना माहीत होतं. ओंकारला 'खोकेश' मीच म्हणायचो.

पंपाशिवाय तो एक अख्खा दिवस होता. त्याला काही झालं नाही ते माझं नशीब. पण यातून मी शिकलो काय, तर ज्याच्याकडे पंप आहे त्याला दमा. ज्याच्याकडे नाही तो नाटकी. इतका सोपा हिशेब मला सत्तावीस वर्षांत दुसरा सापडला नाही.

*

प्रज्ञाकडे पंप नव्हता.

पाचवीत आली तेव्हापासून शांत पोरगी. वडील बस डेपोत मेकॅनिक, आई घरी ब्लाउज शिवते. अभ्यासात पहिल्या पाचात. पहिल्याच पीटीला अर्धी फेरी झाली आणि ही खाली बसली. "सर, लेस सुटली." पुढच्या तासाला तेच. तिच्या एकोणीस नोंदींपैकी अकरा लेसच्या आहेत.

एकदा मी जवळ जाऊन बघितलं. लेस सुटलेली नव्हतीच. प्रज्ञा बांधलेली लेस सोडत होती आणि पुन्हा हळूहळू बांधत होती. चोर पकडल्यावर हवालदाराला होतो तसा आनंद मला झाला.

आमच्या शाळेत शांतामावशी शिपाई आहेत, लोणी काळभोरकडच्या. त्या एकदा ग्लास उचलताना म्हणाल्या, "सर, ती पोरगी जिन्यात बी बसती बरं का. वर्ग तिसऱ्या मजल्यावर हाय, तर दोन येळा लेस बांधती. जरा बघा तिच्याकडं."

मी बघितलं. आणि उपाय काढला. पालकसभेला तिच्या आईला सांगितलं, "लेसचे बूट नका घेऊ हो तिला, वेल्क्रोचे घ्या. सगळा वेळ लेस बांधण्यात जातो."

माउलीने माझे आभार मानले. त्याच संध्याकाळी बूट घेतले.

पुढच्या पीटीला अर्धी फेरी झाली आणि प्रज्ञा सवयीने खाली वाकली. पायाकडे बघितलं. बांधायला काही नव्हतं. उभी राहिली, लांबून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पळायला लागली. वहीत मी लिहिलं, 'लेस प्रकरण बंद.' लेले बाईंनी त्या दिवशी मला स्वतःहून चहा पाजला, यावरून काय ते समजा.

नंतर तिने अजून काही सबबी सांगून बघितल्या. पोटात दुखतंय, डोकं दुखतंय. आठवीपासून तेही बंद झालं. सगळ्या फेऱ्या मारायची, शेवटची यायची, पण एक अक्षर बोलायची नाही. मी नव्या मुलांना तिचं उदाहरण द्यायचो. "प्रज्ञाकडे बघा. केवढी नाटकं करायची. सुधारली की नाही?"

*

गेल्या दिवाळीआधी तपासणीला नवीन डॉक्टर आल्या. डॉक्टर रुचा, तिशीच्या आतल्याच असतील. तपासणी नेमकी भेळीच्याच दिवशी होती, म्हणून आम्ही त्यांना थांबवून घेतलं. मी म्हटलं, पाहुण्या आहेत, आज जरा रंगवून वाचू.

ओंकार वाचला. सगळे हसले. डॉक्टर नाही हसल्या. सानिका वाचली, बाईंचा आवाज काढून. तरी नाही. मला वाटलं, कॉन्व्हेंटच्या असतील.

"सर, ते पहिलं परत वाचता?"

वन्स मोअर, असं समजून मी घसा खाकरला.

"आवाज न काढता," त्या म्हणाल्या.

मग मी जवळजवळ अर्धा तास ती वही साध्या आवाजात वाचली. करून बघा कधीतरी. आवाज काढला नाही की त्यात हसण्यासारखं काही उरत नाही. 'पळून झालं की खोकला येतो.' 'मला हसवू नका.' 'फक्कीपेक्षा पळतो.' 'थंडीत छाती आवळते.' डॉक्टर प्रत्येकाची तारीख विचारत होत्या आणि कागदी डिशच्या मागे लिहून घेत होत्या.

"हे शब्द मुलांचेच आहेत ना? तुम्ही सुधारलेले नाहीत?"

लेले बाई ताठ बसून म्हणाल्या, "एक शब्द बदललेला नाही."

"बाई, आईवडील दवाखान्यात येऊन सांगतात, जरा खोकला आहे, सिरप द्या," डॉक्टर म्हणाल्या. "एवढी चांगली हिस्टरी मला आजपर्यंत कोणी दिलेली नाही."

भेळ तशीच राहिली. मग त्यांनी आम्हा शिकलेल्या लोकांना शिकवलं. पळून झाल्यावर, हसल्यावर, धुळीत, थंड हवेत, पहाटे पहाटे खोकला येतो, छाती आवळते. पुन्हा काही दिवस काहीच नाही. काही नसतं त्या दिवशी नळी लावली तर छाती स्वच्छच ऐकू येते. म्हणून नुसत्या कानावर जायचं नाही. विचारायचं, परत विचारायचं, आणि मग फुंकायला लावून मोजायचं. "वहीवरून कोणाला दमा आहे असं ठरत नाही. पण या सात जणांना मला नीट बघायचंय," असं म्हणून त्यांनी सात नावांवर टिक केली.

सातव्या नावावर पेन थांबलं. "ही प्रज्ञा. एकोणीस नोंदी आहेत आणि आठवीत एकदम बंद. शाळा सोडली का?"

"छे हो, नववीत आहे," मी म्हटलं. "सुधारली ती."

"सुधारली, की सांगायची थांबली?"

लेले बाई डिशमध्ये बघत होत्या. मी डॉक्टरांना विचारलं, "चहा घेणार का?"

*

सुट्टीनंतर एकेकाला पालकांबरोबर बोलावलं. ओंकार, सानिका आणि इरफान, तिघांचंही शेवटी दम्याचंच निघालं. एकाचे टॉन्सिल होते. दोघं खरोखरच कामचुकार होते, तेवढंच माझ्या अनुभवाला समाधान. राहिली प्रज्ञा.

तिला आईबरोबर चित्रकलेच्या रिकाम्या वर्गात बसवलं. छाती क्लिअर. एक प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकलं की आकड्यांवर काटा सरकतो. तिने फुंकली, आकडा चांगला आला.

"पळताना धाप लागते?"

"नाही मॅडम."

"पळून झाल्यावर खोकला?"

"नाही."

आई म्हणाली, "रात्री कधीतरी उठून बसते हो, उशीला टेकून."

"अभ्यास करते मी," प्रज्ञा म्हणाली.

प्रत्येक उत्तराच्या आधी ती माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. "सर, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी व्हरांड्यात उभा राहिलो. येणारी-जाणारी मुलं बघत होती, सरांनाच वर्गाबाहेर काढलंय म्हणून. आतून ऐकू येत होतं. नाही. नाही मॅडम. काही होत नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. "आज ती बरी आहे, त्यामुळे आज मला काही सापडणार नाही. मला तिच्याकडून ऐकायला हवं. आणि एखाद्या दिवशी जोराचा अटॅक आला ना सर, तर तेव्हासुद्धा ही मुलगी काही होत नाही म्हणेल. मला त्याची भीती वाटते."

ते 'नाही' मी शिकवलं होतं. मैदानावर इतकं पक्कं मी आजवर कोणाला काही शिकवलेलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर मीही म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला बोलावलं आणि वही तिच्या हातात दिली. म्हटलं, "यात तुझ्या नोंदी आहेत. घरी जाऊन वाच. काही चुकलं असेल तर मला सांग."

लेले बाई घाबरल्या. "अहो सर, घरी सगळे वाचतील ना ती."

"वाचू देत."

*

चार दिवसांनी ती आईला घेऊन स्टाफरूममध्ये आली. येते म्हणून आदल्या दिवशी सांगून गेली होती, त्यामुळे मी डॉक्टरांनाही बोलावून ठेवलं होतं. प्रज्ञाने वही टेबलावर ठेवली, आत बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं, ते पान उघडलं.

"सर, एक चुकलंय."

सहावीतली नोंद होती. 'सर, पळायचा कंटाळा आला.'

"मी कंटाळा म्हटलं नव्हतं."

"मग काय म्हणाली होतीस?" लेले बाईंनी विचारलं.

"मी म्हटलं होतं, सर, श्वास आत जातोय, पण बाहेरच येत नाहीये."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर?"

मला आठवत होतं. लख्ख आठवत होतं. कडुलिंबाखाली कठड्याला धरून उभी होती आणि एकेक शब्द सुटा सुटा बोलत होती. संध्याकाळी लिहायला बसलो तेव्हा ते वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघितलं. वाटलं, यात हसण्यासारखं काही नाही, भेळीला कोण हसणार याला. म्हणून कंटाळा लिहिलं. दोनशे पानांत नियम एकदाच मोडला, तो तिथे.

लेले बाईंनी वही आपल्याकडे ओढून ते पान पुन्हा वाचलं. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "असं कधी कधी होतं, प्रज्ञा?"

आणि पोरगी बोलायला लागली. जिना, वर्ग झाडतानाची धूळ, सोसायटीत पाला जाळतात तो धूर, थंडीतली सकाळची शाळा. पहाटे जाग येते, मग बसून राहिलं की बरं वाटतं, आणि कोणी विचारू नये म्हणून समोर पुस्तक. आई ऐकत होती आणि पदराचं टोक पिळत होती. "मला का नाही गं सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सरांना विचारलं असतंस," प्रज्ञा म्हणाली. "आणि सर नाटक म्हणाले असते."

तिला फुंकायची नळी घरी दिली. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. पहाटेचे आकडे खाली गेलेले, पीटीच्या दिवशीचे तर फारच खाली. मग दवाखान्यातल्या मशीनवर औषधाआधी आणि औषधानंतर फुंकून झालं, आणि कागदावर शब्द आला, दमा. पंप सुरू झाला. आता ती पंप ट्रॅकसूटच्या खिशात ठेवते, मोज्यात नाही. परवा बघितलं तर पायात पुन्हा लेसचे बूट आहेत. लेस सुटली म्हणाली की मी सगळ्या वर्गाला थांबवतो. सुटलेली नसली तरी थांबवतो.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. वाक्यं आधी ठरवून ठेवली होती, ती ऐन वेळी आठवली नाहीत. मी एवढंच म्हणालो, "चुकलं माझं, प्रज्ञा. मला वाटलं, तू नाटक करतेस."

तिने ऐकून घेतलं. "बरं, सर," म्हणाली. मग म्हणाली, "सर, पेन देता?"

मी दिलं. वाटलं, कंटाळा खोडून खरं वाक्य लिहायचं असेल. खिडकीपाशी उभी राहून तिने काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि मला परत दिली. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुन्हा उघडायचा धीर झाला नाही.

*

यंदाही दिवाळीआधी भेळ आली. वाचन नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. पण दोन नवीन शिक्षक लागलेत, त्यांच्या कानावर गेलेलं. "सर, तुमची ती वही म्हणे फेमस आहे. वाचा ना थोडी."

मी नको नको म्हणत होतो. लेले बाई म्हणाल्या, "काढा, सर. एक नोंद वाचायला हरकत नाही."

काढली. आधी सहावीतलं ते पान बघितलं. 'पळायचा कंटाळा आला' तसंच होतं, खोडलेलं नव्हतं. मग पानं उलटत शेवटी लिहिलेल्या पानावर आलो. तिथे गोलसर अक्षरात एक नवी नोंद होती. तारीख, नाव, इयत्ता आणि सबब, सगळे रकाने नीट भरलेले.

"वाचा ना, सर," नवे शिक्षक म्हणाले.

मी उभा राहिलो आणि आवाज न काढता वाचलं.

"नाव, गायकवाड सर. इयत्ता, पीटी. सबब, 'मला वाटलं, तू नाटक करतेस.' शब्द बदललेला नाही."